सायकलपासून इंजिनापर्यंत : एका यांत्रिकाची वाटचाल

लोणावळ्याहून पुण्याकडे निघालेली लोकल तळेगाव सोडते, घोरावाडीचे छोटेसे स्थानक मागे टाकते आणि देहूरोड, आकुर्डी, चिंचवड, पिंपरी करीत खडकीला येते. एकेकाळी भातखाचरे आणि माळरान यांतून जाणारा हा लोहमार्ग आज देशातील एका मोठ्या वाहन उद्योगाच्या पट्ट्यातून जातो. मोटारी, ट्रक, रिक्षा, स्कूटर आणि त्यांना लागणारे हजारो सुटे भाग या पट्ट्यात घडत आले आहेत. याच मार्गावर खडकीला एक रस्ता आहे. त्याला लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे नाव आहे. त्या रस्त्यावरील इंजिनांचा कारखाना १९४६ मध्ये उभा राहिला, तेव्हा लक्ष्मणराव ७७ वर्षांचे होते. यंत्रविद्येची कोणतीही पदवी त्यांच्यापाशी नव्हती. जे यंत्र हाती येईल ते उघडावे, त्याचा प्रत्येक भाग पारखावा आणि ते पुन्हा जसेच्या तसे, जमल्यास पूर्वीपेक्षा चांगले जोडावे, एवढ्याच अभ्यासक्रमावर हा माणूस यांत्रिक झाला होता.

जुन्या मोटारीचे इंजिन घरच्या गॅरेजमध्ये उतरवून, सुट्टीच्या दिवसांत ते पुन्हा उभे करण्याचा छंद असणारी मंडळी पुण्या-मुंबईत आज कमी नाहीत. हाताला ग्रीस लागलेल्या या छंदाकडे कौतुकाने पाहिले जाते. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र सुशिक्षित घरातील मुलाने हातात पाना घेणे ही घराण्याला कमीपणा आणणारी गोष्ट मानली जात असे. लक्ष्मणरावांचे चरित्र हे या समजुतीशी दिलेल्या लढ्याचेही चरित्र आहे.

चित्रकार व्हायला निघालेला मुलगा

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे व्यासंगी. घरात ग्रंथांना मान होता, पाठांतराला मान होता. धाकट्या लक्ष्मणाचे मन मात्र शाळेच्या पुस्तकांत रमत नसे. त्याला दोनच गोष्टींची ओढ होती. एक चित्रे काढण्याची आणि दुसरी, हाती लागेल त्या वस्तूची रचना समजून घेण्याची.

मुलाने मुंबईला जाऊन चित्रकला शिकावी, ही कल्पना वडिलांना रुचणारी नव्हती. थोरले बंधू रामचंद्रपंत, म्हणजेच रामुअण्णा, यांनी धाकट्या भावाची बाजू घेतली आणि खर्चाचा भार उचलला. १८८५ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, लक्ष्मणराव सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

दोन वर्षांनी त्यांच्यापुढे एक अनपेक्षित संकट उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतील भेद नीट ओळखता येत नाहीत, असे निष्पन्न झाले. चित्रकाराला याहून मोठा आघात कोणता असणार? ज्या विद्येसाठी घरच्यांचा रोष पत्करला, त्या विद्येचे दार निसर्गानेच बंद केले होते. वयाच्या अठराव्या वर्षी आलेल्या या निराशेतून एखादा तरुण गावी परतला असता आणि कुठेतरी कारकुनीत विसावला असता.

लक्ष्मणरावांनी वेगळा हिशेब केला. रंग गेले तरी रेषा शिल्लक होती. यंत्रांच्या आराखड्यांना रंग लागत नाहीत. तेथे हवी असते ती अचूक रेषा, मापाचे भान आणि न दिसणारा भाग डोळ्यांपुढे आणण्याची शक्ती. त्यांनी यांत्रिक आरेखनाचा अभ्यास चालू ठेवला आणि त्याच बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजेच आजच्या वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्थेत, त्यांना शिक्षकाची नोकरी मिळाली. १८८७ मध्ये स्थापन झालेली ही संस्था त्या काळी भायखळ्याला होती.

शिकविता शिकविता शिक्षण

या नोकरीने लक्ष्मणरावांना पगारापेक्षा मोलाची एक गोष्ट दिली. संस्थेच्या यंत्रशाळेतील यंत्रे त्यांना हाताळता येऊ लागली. आरेखनाबरोबरच पुढे वाफेच्या इंजिनांच्या विषयातही ते सहायक म्हणून काम करू लागले. वर्गात फळ्यावर काढलेला दट्ट्या आणि यंत्रशाळेत तेलाने माखलेला दट्ट्या यांच्यातील अंतर त्यांनी स्वतःच्या हातांनी भरून काढले. अमेरिकन मशिनिस्ट यांसारखी विदेशी नियतकालिके ते बारकाईने वाचत. इंग्रजी वाचनाचा हा नाद त्यांना पुढे आयुष्यभर उपयोगी पडला.

याच सुमारास मुंबईच्या रस्त्यांवर सायकल हे नवलाचे वाहन अवतरले होते. इंग्लंडमध्ये दोन सारख्या चाकांची आणि साखळीची सायकल १८८५ मध्ये आली होती आणि हवा भरलेली रबरी धाव डनलॉप यांनी १८८८ मध्ये आणली. लक्ष्मणराव सायकल शिकले आणि बेळगावला रामुअण्णांच्या साथीने १८८८ मध्ये सायकलींच्या विक्रीचे आणि दुरुस्तीचे एक लहानसे दुकान सुरू झाले. दुकानाला नाव दिले किर्लोस्कर ब्रदर्स. ज्या उद्योगसमूहाचे नाव पुढे देशभर झाले, त्याचा उगम हा एवढासा होता. सायकल विकायची, ती चालवायला शिकवायचे आणि बिघडली की दुरुस्त करून द्यायची, असा तिहेरी व्यवसाय होता.

सायकल दुरुस्ती हे काम आज क्षुल्लक वाटते. त्या काळात मात्र सायकल म्हणजे सामान्य माणसाला उघडून पाहता येईल असे सर्वांत प्रगत यंत्र होते. दातेरी चाके, साखळी, छऱ्यांचे बेअरिंग, ताणलेल्या तारांचे चाक, हे सारे तिच्यात होते. जगभरच्या अनेक यांत्रिकांची पहिली शाळा सायकलच ठरली, हा योगायोग नव्हे. अमेरिकेतील डेटन शहरात राइट बंधूंनी १८९२ मध्ये सायकलचे दुकान काढले आणि १९०३ मध्ये उडालेल्या त्यांच्या विमानाचे इंजिन त्याच दुकानातील चार्ली टेलर या कारागिराने काही आठवड्यांत घडविले. डेट्रॉइटमध्ये हेन्री फोर्ड यांनी आपले पहिले प्रायोगिक इंजिन १८९३ च्या नाताळच्या आदल्या रात्री घराच्या स्वयंपाकघरात चालवून पाहिले आणि १८९६ मध्ये घरामागच्या शेडमध्ये पहिली गाडी तयार केली. तिला चाकेही सायकलसारखीच होती. ती दारातून मावेना, तेव्हा भिंत फोडून बाहेर काढावी लागली. बेळगावच्या दुकानात चाललेले काम याच पिढीचे आणि याच वृत्तीचे होते. फरक होता तो भोवतालच्या परिस्थितीचा. डेट्रॉइटमध्ये कोपऱ्यावर ओतशाळा होती; बेळगावला साधा स्क्रूही परदेशातून येत असे.

राजीनामा

मुंबईतील नोकरी चालू असताना १८९७ मध्ये बढतीची वेळ आली. कामाच्या अनुभवाने ती जागा लक्ष्मणरावांकडे येणे स्वाभाविक होते. ती एका अँग्लो-इंडियन व्यक्तीला देण्यात आली. त्या काळात अशा गोष्टी रोज घडत आणि लोक त्या गिळून पुढच्या संधीची वाट पाहत. लक्ष्मणरावांनी वाट पाहिली नाही. त्यांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला परतले. त्या वेळी त्यांचे वय होते २८. पत्नी राधाबाईंसह चाललेला संसार, हातात स्थिर वेतन नाही आणि भांडवल म्हणावे तर दुकान आणि दहा बोटे.

सायकलींच्या विक्रीवर फार काळ भागणार नाही, हे त्यांनी ओळखले. भोवतालचा समाज शेतकऱ्यांचा होता. तेव्हा यंत्र बनवायचे तर शेतकऱ्याच्या उपयोगाचे, हा निर्णय झाला. प्रथम कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले. त्यानंतर हाती घेतला तो लोखंडी नांगर. विदेशी बनावटीचे नांगर बाजारात होते. त्यांचा अभ्यास करून, येथील जमिनीला आणि येथील बैलांना मानवेल असा नांगर लक्ष्मणरावांनी १९०३ च्या सुमारास तयार केला.

नांगर तयार झाला, पण गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाच्या फाळाने जमिनीला विष चढते, अशी समजूत शेतकऱ्यांत रूढ होती. पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नांगर वापरणाऱ्याला तोट्याची भीती वाटणे अगदीच गैर नव्हते. एक हंगाम बुडाला तर त्याला सावरणारे कोणी नव्हते. नांगराची विक्री सुरू होण्यासाठी दोन वर्षे धीर धरावा लागला. या दोन वर्षांत लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला दोष दिला नाही. नांगरातील दोष तेवढे ते शोधत राहिले. फाळ लवकर झिजतो, अशी तक्रार आली तेव्हा ओतीव लोखंड अधिक कठीण कसे करावे याचे प्रयोग झाले.

माळावरचे गाव

धंदा रुळावर येतो न येतो तोच दुसरे संकट आले. बेळगावच्या ज्या जागेवर कारखाना होता, ती जागा शहराच्या नव्या उपनगरासाठी हवी होती. कारखाना हलविण्याची पाळी आली. याच सुमारास औंध संस्थानात सभामंडपाच्या बांधकामाचे काम लक्ष्मणरावांकडे आले होते. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि कलांचे चाहते. त्यांनी आपल्या संस्थानात हवी ती जागा निवडण्याची मुभा दिली आणि कर्जाऊ रक्कमही दिली.

कुंडल रोड नावाच्या रेल्वे स्थानकाजवळची सुमारे ३२ एकर जागा लक्ष्मणरावांनी निवडली. निवडुंगाने भरलेला तो ओसाड माळ होता, पाण्याची वानवा होती आणि सापांचा सुळसुळाट होता. जमेची बाजू एकच, रेल्वे जवळ होती. १० मार्च १९१० रोजी तेथे वस्ती सुरू झाली. पंचवीसएक कामगार आणि त्यांची कुटुंबे, एवढा हा पसारा. स्थानकाला आणि गावाला पुढे किर्लोस्करवाडी हे नाव मिळाले.

स्वदेशीची चळवळ तेव्हा महाराष्ट्रात भरात होती. घोरावाडीलगतच्या तळेगावला १९०८ मध्येच पैसा फंडाच्या पैशांतून काचेचा कारखाना निघाला होता. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघरी एकेक पैसा मागून जमविलेल्या निधीतून आणि लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने तो उभा राहिला. तळेगावची भट्टी लोकवर्गणीवर पेटली आणि किर्लोस्करवाडीची भट्टी एका संस्थानिकाच्या विश्वासावर. दोन्हींमागचा विचार एकच होता, की आपल्याला लागणारी वस्तू आपल्या हातांनी घडविता आली पाहिजे.

लक्ष्मणरावांनी जमविलेली माणसे हा या कथेतील एक विलक्षण भाग आहे. शंभुअण्णा जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर यांच्यासारखे सहकारी त्यांना लाभले. शंभुअण्णांपाशी मोठी पदवी नव्हती, पण ओतकाम आणि आरेखन यांवर त्यांची हुकूमत होती. माणसाचे कागद न पाहता हात पाहायचे, हा लक्ष्मणरावांचा शिरस्ता होता. शिक्षा भोगून आलेल्यांनाही त्यांनी राखणदारीची कामे दिली. अस्पृश्यता पाळायची नाही, हा किर्लोस्करवाडीचा नियम होता. जातीजातींच्या स्वतंत्र आळ्या असणे गृहीत धरले जाई, अशा काळात हा नियम करणे आणि तो निभावणे सोपे नव्हते.

तोफांचे नांगर

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि विदेशातून येणारे लोखंड, कोळसा, रंग यांचा पुरवठा आटला. ज्या कारखान्याचा कच्चा माल बोटीने येत होता, त्याच्यापुढे कुलूप लावण्याखेरीज मार्ग दिसत नव्हता. येथे पुन्हा दुरुस्तीवाल्याची नजर कामी आली. नवे मिळत नसेल तर जुने काय पडून आहे, हे तो आधी पाहतो. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या राज्यातील किल्ल्यांवर पडून असलेल्या जुन्या तोफा कारखान्याला दिल्या. त्या वितळवून नांगर ओतले गेले. रंग नव्हते, तेव्हा रंग तयार करण्याचे प्रयोग वाडीतच झाले.

युद्ध संपले तेव्हा किर्लोस्करांचा नांगर महाराष्ट्रभर पोहोचला होता. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी कारखान्याच्या माहितीपत्रकाच्या रूपाने एक नियतकालिक सुरू केले. किर्लोस्कर या नावाने पुढे ते मराठीतील अग्रगण्य मासिक ठरले आणि त्याला स्त्री व मनोहर ही भावंडे लाभली. लक्ष्मणरावांचे यांत्रिकाची यात्रा हे चरित्रही शंकररावांनीच लिहिले. नांगरापाठोपाठ उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे, पंप, लोखंडी फर्निचर अशी उत्पादने वाडीतून बाहेर पडू लागली.

इंजिनाचे युग

लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव १९२६ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून शिक्षण पुरे करून परतले. वडिलांनी जे हाताने आणि चुकतमाकत मिळविले होते, ते मुलाने विद्यापीठात शिकून आणले. कारखान्यात या दोन विद्या एकत्र आल्या. १९४१ मध्ये हरिहर येथे यंत्रे बनविणाऱ्या यंत्रांचा कारखाना निघाला. १९४६ मध्ये बंगळूर येथे विजेच्या मोटारींचा आणि खडकीला तेलाच्या इंजिनांचा कारखाना निघाला.

इंजिनाची गरज नांगरातूनच पुढे आलेली होती. नांगराने जमीन खोल नांगरली, पण विहिरीचे पाणी अजून बैलांच्या मोटेनेच वर येत होते. पंप बसविला तरी तो फिरविणार कशाने? खेड्यांत वीज पोहोचायला अजून बराच अवधी होता. ही उणीव डिझेल इंजिनाने भरून काढली. लोखंडी हॅंडल मारून सुरू करायचे, एका सिलिंडरचे, संथ लयीत फटफट करणारे हे इंजिन हजारो विहिरींच्या काठी बसले. मराठी शेतकऱ्याच्या तोंडी किर्लोस्कर हा शब्दच इंजिनाचा पर्याय होऊन बसला.

या इंजिनाचा एक गुण शहरी वाचकाच्या सहसा ध्यानात येत नाही. ते उघडता येत असे. गावचा मिस्त्री चार पाने, एक हातोडा आणि घासलेटची परात घेऊन विहिरीवर येई. हेड उतरवून काजळी खरवडायची, व्हॉल्व्ह त्यांच्या बैठकीवर पेस्ट लावून घोटायचे, दट्ट्याच्या झिजलेल्या रिंगा बदलायच्या, नॉझल साफ करायचे, नवे गॅस्केट बसवून नट ठरलेल्या क्रमाने आवळायचे, ही सारी कामे तो तेथेच बसून करी. आज हौसेने मोटारीचे इंजिन बांधणारा नेमकी हीच कामे करतो. फक्त सिलिंडर अधिक असतात आणि मापे अधिक काटेकोर असतात. क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांच्या खुणा एका दाताने जरी चुकल्या, तरी व्हॉल्व्ह अवेळी उघडतात आणि सगळे श्रम वाया जातात. उतरविलेला प्रत्येक भाग क्रमाने मांडून ठेवणे, सक्ती न करता तो बसविणे आणि बिघाडाचे कारण सापडेपर्यंत धीर न सोडणे, हे त्या कामाचे खरे नियम होत. महाराष्ट्रातील खेड्यांमध्ये मिस्त्री म्हणून तयार झालेल्या कितीतरी तरुणांचे हात या इंजिनांवरच वळले.

अखेरचा पर्व

उत्तरायुष्यात लक्ष्मणरावांनी काही काळ औंध संस्थानचे दिवाणपदही सांभाळले. स्वातंत्र्यानंतर अवघ्या काही महिन्यांत त्यांना फार मोठा घाव सोसावा लागला. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली आणि त्यानंतर दक्षिण महाराष्ट्रात उसळलेल्या जाळपोळीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लावण्यात आली. ज्या माळावर जातीच्या भिंती नसाव्यात म्हणून चाळीस वर्षे खपले, तेथे जातीच्या रागातून ज्वाळा उठाव्यात, याहून मोठी विटंबना कोणती? ऐंशीच्या घरात पोहोचलेल्या माणसाने ती पाहिली. यंत्र मोडले तर ते उघडून पुन्हा बांधायचे, हा जन्मभराचा धडा होता. तो वाडीने गिरविला आणि कारखाना पुन्हा उभा राहिला.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट प्रसिद्ध केले.

लक्ष्मणरावांना उद्योगपती म्हणून मान दिला जातो आणि तो योग्यच आहे. त्या मानामागे थोडीशी विसरली जाते ती त्यांची मूळ ओळख. ते प्रथम दुरुस्ती करणारे होते. त्यांनी सायकल उघडली, विदेशी नांगर उघडला, तोफ वितळविली आणि स्वतःचे मोडलेले आयुष्यही तीनदा नव्याने जुळविले. एकदा रंग गेले तेव्हा, एकदा नोकरी सोडली तेव्हा आणि एकदा जागा गेली तेव्हा.

आजच्या मोटारींची इंजिने संगणकाच्या आज्ञेने चालतात. त्यांचे झाकण उघडले तरी आत काय चालले आहे ते डोळ्यांना दिसत नाही. बिघडलेला भाग दुरुस्त करण्यापेक्षा बदलून टाकणे सोयीचे झाले आहे. सोय वाईट नसते. पण ज्या समाजातील मुलांनी एकही यंत्र कधी उघडून पाहिले नाही, त्या समाजाला नवे यंत्र सुचणार तरी कोठून? म्हणूनच एखाद्या घराच्या गॅरेजमध्ये, जुन्या वर्तमानपत्रावर सुटे भाग क्रमाने मांडून बसलेल्या तरुणाला घरच्यांनी वेळेचा अपव्यय म्हणून हटकू नये. बेळगावच्या सायकल दुकानातही सुरुवात अशीच झाली होती.